मामाच्या दुकानावरचा लाल ठिपका

माझा मामा किल्ल्या बनवतो, आणि जगातल्या एकाही माणसावर त्याचा विश्वास नाही. धंद्यामुळे तो असा झाला असं लोक म्हणतात. आईला ते पटत नाही. ती त्याची मोठी बहीण. तिच्या मते पाळण्यात असतानाही तो कोणी खुळखुळा वाजवला की आधी वाजवणाऱ्याकडे रोखून बघायचा.

त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. अरुंद खोली, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस, कानशींनी भरलेला डबा, किल्ली घासायचं यंत्र, आणि त्या सगळ्यामागे एका डोळ्याला भिंग लावून बसलेला मामा. गिऱ्हाईक आलं की तो आधी माणूस बघतो, मग किल्ली.

"कुठल्या दाराची?"

"घराच्या."

"कोणाच्या घराच्या?"

"माझ्याच हो."

"मग पहिली किल्ली कुठे गेली?"

हरवली म्हटलं तर कुठे हरवली, कोणासमोर हरवली. हरवली नाही, नुसती जास्तीची हवीय म्हटलं तर आणखी पंचाईत. जास्तीची कोणासाठी? काही लोक हे सगळं सहन करतात, कारण त्याच्या हातची किल्ली कुलपात अडकत नाही. बाकीचे पुढच्या चौकात जातात.

तरुण असताना एकाने साबणाच्या वडीवर उठवलेला ठसा आणून त्याच्याकडून किल्ली करून नेली होती. त्या किल्लीने कोणाचं तरी घर साफ झालं आणि मामाला दिवसभर पोलीस चौकीत बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी सोडून दिलं, चहाही पाजला. पण त्या दिवशी मामाने कानाला जो खडा लावला तो आजपर्यंत काढलेला नाही. पुढे लग्नासाठी स्थळं आली, तर याने मुलींपेक्षा मध्यस्थांचीच चौकशी जास्त केली. मध्यस्थ कंटाळले. मामा तसाच राहिला.

किल्ल्या बनवणाऱ्या या माणसाच्या घराची किल्ली मात्र एकच होती. ती दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात, बनियनच्या आत. दुसरी करायची नाही, हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आई आणि मी त्याच्याच घरी राहतो. मी औषधाच्या दुकानात काम करते. घराचं दार ओढलं की आपोआप लागायचं, आणि आईला उठवायचं नाही, म्हणून सुटून घरी येताना आधी मामाच्या दुकानात थांबायचं, त्याने गळ्यातून दोरा काढून द्यायचा, मी घर उघडून किल्ली परत त्याला नेऊन द्यायची, असा आमचा शिरस्ता होता. "मामा, मला एक करून दे ना," असं मी एकदा म्हटलं. "का? कोणी मागितली तुझ्याकडे?" असं त्याने विचारलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

आईला तर किल्लीचा प्रश्नच नव्हता. ती एकटी बाहेर जायचीच नाही, मग एकटी परत कुठून येणार?

खरं तर आईइतकं हे शहर कोणीच पायांनी तुडवलं नसेल. ती विजेचे मीटर वाचायची. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, आणि रोज नवी गल्ली. लोक तिला थेट जिन्याखाली, माडीवर, न्हाणीघराच्या मागे कुठेही घेऊन जायचे. ती प्रत्येक घरात शिरायची आणि तिचा भाऊ प्रत्येक दाराला घाबरायचा. एकाच आईची दोन मुलं अशी कशी निपजली देव जाणे. मग तिच्या मणक्याचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली, आणि पायांत बळ परत आलं नाही. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मामा टेम्पो घेऊन दारात उभा. आम्हा दोघींना आणि आमच्या सगळ्या सामानाला त्याने आपल्या घरी आणलं. वडील नव्हतेच, त्यामुळे विचारायचं कोणाला? हमालांना त्याने आईच्या चाकांच्या खुर्चीला हातही लावू दिला नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय. मामा संशयी आहे, तिरकस बोलतो, माणसांना तोडतो, पण आईसाठी त्याने काही केलं नाही असं कोणी म्हणू नये. फळीवरचं काढता यावं म्हणून त्याने तिला एक लांब चिमटा बनवून दिला. सायकलच्या ब्रेकची तार, जुन्या छत्रीची दांडी, आणि पुढे पितळेचे दोन जबडे. त्या जबड्यांना त्याने किल्लीच्या कानशीने बारीक दात पाडले, म्हणजे डबा निसटू नये. वरच्या जबड्याचा एक दात घासताना तुटला. दुसरा करतो म्हणाला, पण आईला तोवर त्या चिमट्याची इतकी सवय झाली की तिने तो हातातून सोडलाच नाही. खुर्चीच्या हाताला तो कायम अडकवलेला असतो.

आता ओट्याबद्दल.

आमचं घर गल्लीच्या आत. गल्लीचं मागचं टोक भिंतीने बंद. बाहेर पडायचं तर मामाच्या दुकानापाशीच. डावीकडे गोदामाची भिंत थेट रस्त्याला भिडलेली, तिथे फूटपाथ नाही. उजवीकडे फूटपाथ आहे, पण त्यावर मामाचा ओटा. पाणी आत येतं म्हणून त्याने कधीकाळी तो सिमेंटचा घालून घेतला, आणि गिऱ्हाइकांना टेकायला जागा हवी म्हणून वाढवत वाढवत पार फूटपाथच्या कडेपर्यंत नेला. चालणारा माणूस ओट्यावर चढून उतरून जातो. व्हीलचेअर कशी चढणार? तिला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि रस्त्यावर बस, ट्रक, रिक्षा.

म्हणून आई दुकानापाशी येऊन हाक मारायची, "बाळ्या!" साठीला टेकलेला बाळ्या यंत्र बंद करून धावत यायचा. खुर्ची रस्त्यावर उतरवायची, एक हात वर करून गाड्या थांबवायच्या, ओटा ओलांडला की खुर्ची पुन्हा उचलून फूटपाथवर ठेवायची. मग तिथून पुढे तोच ढकलत न्यायचा, कारण परत येताना पुन्हा तो लागणारच. दुकान उघडं टाकायचं नाही, म्हणून कुलूप लावायचं. कुलूप नीट लागलं का ते ओढून बघायचं. चार पावलं जाऊन पुन्हा मागे येऊन ओढून बघायचं. आईला कोपऱ्यावरून सुई-दोरा आणायचा असला तरी एवढी वरात.

"रस्ताच मेला वाईट," मामा म्हणायचा. "पण तू हाक मार. मी आहे ना."

त्याने कधी नाही म्हटलं नाही. कधी कपाळाला आठी पाडली नाही. "तीच तर पंचाईत आहे," आई मला म्हणायची. "चिडला असता तर भांडता तरी आलं असतं."

एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "बाळ्या, ओटा जरा जास्तच बाहेर आलाय का रे?"

मामाने भिंग काढलं. "तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मलाच वाटलं."

"तुला असं वाटणार नाही. कोणी तरी तुझ्या डोक्यात भरवलंय. नाव सांग."

आईने नाव सांगितलं नाही, कारण नाव नव्हतंच. मामा आठवडाभर गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखत बसला. आई मूग गिळून राहिली.

अशात नगरपालिकेचा कागद भिंतीवर लागला. आपल्या भागात चालत, व्हीलचेअरवरून आणि सायकलवरून जाणाऱ्यांसाठी नवे मार्ग आखायचे आहेत, तर नागरिकांनी वाचनालयाच्या सभागृहात येऊन आपलं म्हणणं मांडावं. भिंतीवर मोठा नकाशा लावला आहे. तुम्ही जिथून जाता तिथे हिरवा ठिपका चिकटवा, जिथे अडता तिथे लाल.

मामाने तो कागद उभा राहून वाचला, मग जवळ जाऊन वाचला, मग त्याचा कोपरा उचलून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला. "आपण कुठून जातो ते यांना कशाला हवं? उद्या नेमकं तिथेच खणतील. मागे असेच आले होते, मंडई कशी वाटते विचारायला. आपण बावळट, छान वाटते म्हणालो. वर्षभरात मंडई हलवली."

मंडई हलली हे खरं होतं. त्यामुळे गल्लीने त्याचं ऐकलं. कोणीही नकाशावर हिरवा ठिपका लावायचा नाही, विचारलं तर आम्ही इथून जात नाही म्हणायचं, ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ठरलं. समोरच्या पंक्चरवाल्यानेही मान डोलावली. तो मामाचा एकुलता एक मित्र. दोघं रोज दुपारी एकाच किटलीतला चहा पितात, आणि मामा त्याच्याकडे निदान पाठ करून बसतो. मागून काय होईल सांगता येत नाही म्हणून मामा एरवी कोणाकडेच पाठ करत नाही, त्यामुळे ही मोठीच गोष्ट आहे.

माझ्या सुट्टीच्या एका दुपारी मामा कोणाचं तरी अडकलेलं कपाट उघडायला गेला. जाताना आईला विचारून गेला, कुठे जायचंय का? आई नाही म्हणाली. तो वळणावर दिसेनासा झाला आणि आई मला म्हणाली, "चल, वाचनालयात."

किल्ली मामाच्या गळ्यात, म्हणून दाराच्या फटीत पायपुसणं अडकवून आम्ही निघालो. खुर्ची रस्त्यावर उतरवताना माझी दमछाक झाली. मामाचा दंड मला कुठून येणार? एका बसने एवढा मोठा भोंगा वाजवला की आईने डोळे मिटून घेतले. पण आम्ही पोचलो.

सभागृहात नकाशाजवळ एक तरुण बाई बसली होती. मामा पुढे तिला कायम नकाशावाली म्हणायचा, तर आपणही तेच म्हणू. नकाशा प्रचंड होता, घरंसुद्धा दिसत होती. आमची गल्ली नेमकी वरच्या बाजूला. आजूबाजूला हिरवे-लाल ठिपके दाटलेले, आणि आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही.

"कुठे लावायचाय? मी लावते," नकाशावाली म्हणाली.

"नको. माझं मी लावते." आईने खुर्चीच्या हाताचा चिमटा काढला, लाल ठिपका त्याच्या जबड्यात धरला, हात उंच केला आणि बरोबर दुकानावर टेकवला. वरून चिमट्यानेच दाबला.

"आई, ते मामाचं दुकान आहे."

"मला नकाशा वाचता येतो," आई म्हणाली.

"मग त्याला तोंडावर सांग ना."

"सांगून पाहिलं. आता जरा जोरात सांगितलं तर तो काय करेल माहितीये? माझी खुर्ची आणखी जोरात ढकलेल. मला ढकलणारा नकोय गं. मला एकटीने कोपऱ्यावरून वळायचंय."

 परत येताना मला भीती वाटू लागली. मामाला कळलं तर? परक्याने वार केला तर तो लढतो. घरच्याने केला तर त्याचं काय होईल ते मला माहीत नव्हतं, आणि आईलाही.

मामा स्वतः तिथे जाणार नाही अशी आमची समजूत. पण संशयी माणूस घरी बसतो थोडाच. गल्लीत कोणी फितूर तर झालं नाही ना हे बघायला तो दुसऱ्या दिवशी जाऊन आला, आणि आला तो अंगाचा तिळपापड झालेला.

"माझ्या दुकानावर!" जेवायला बसताना तो म्हणाला. "नेमका माझ्या दुकानावर लाल ठिपका! अख्ख्या गल्लीत एकच. दुकान उठवायचा डाव आहे, ताई."

"मग?" आईने भाजी वाढली.

"मग काय? काढला." त्याने खिशातून एक छोटी डबी काढली. झाकणाच्या आत तो ठिपका चिकटवून ठेवला होता. "पुरावा."

आईने डबीकडे पाहिलं आणि भात कालवायला घेतला. मी पाणी आणायला उठले, कारण माझा चेहरा मला सांभाळता येत नव्हता.

पुढच्या दिवसांत जे चाललं त्याला मी युद्ध म्हणेन. मी घरी असताना मामा बाहेर गेला की आई मला म्हणायची, चल, पुस्तक बदलून येऊ. ठिपका लागायचा. मग कधीतरी मामा कुलूप लावून, दोनदा ओढून, वाचनालयात जायचा. ठिपका निघायचा. नकाशावालीने एकदा हळूच आईला सांगितलं की कोणीतरी तुमचा ठिपका काढून नेतंय. "माहितीये," आई म्हणाली, "द्या अजून एक."

दरम्यान मामाने गुन्हेगार शोधून काढला. पंक्चरवाला! सायकलींचा मार्ग झाला तर फायदा कोणाचा? त्याचा. दुकान उठलं तर हवेचा पंप ठेवायला जागा कोणाला? त्यालाच. एवढी वर्षं पाठ करून बसलो, मामा म्हणाला, मी दूधखुळाच! आणि रस्ता ओलांडून त्याने भर दुपारी सगळ्यांसमोर विचारलं, "ठिपका तू लावलास?"

पंक्चरवाला टबमध्ये ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने मान वर केली. "कसला ठिपका?"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस."

पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढली, हात पुसले, आणि म्हणाला, "तुला माझ्याबद्दल असं वाटू शकतं, हे आज कळलं. बरं झालं." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून किटली आली नाही. मामा एकटाच चहा पिऊ लागला, तोंड रस्त्याकडे आणि पाठ भिंतीला.

हे आईच्या फार जिव्हारी लागलं. तिच्या ठिपक्यापायी बिचाऱ्या पंक्चरवाल्याला शिक्षा. त्या संध्याकाळी जेवताना ती सांगणार होती, मला दिसत होतं. पण मामाच आधी बोलला.

"तो नव्हता बहुतेक," तो म्हणाला. हे कबूल करायला त्याला फार जड गेलं. "तो दिवसभर समोर असतो, मला दिसतो. ठिपका मी बाहेर गेल्यावर लागतो. कोणीतरी माझ्या येण्याजाण्यावर डोळा ठेवून आहे. हट्टी आहे, हे मान्य. पण भित्रा. समोर यायची हिंमत नाही."

आईचा घास हातातच राहिला. तिने तो ताटात ठेवला, हात धुतले, आणि खुर्ची फिरवून खोलीत गेली.

"हिला काय झालं?" मामाने मला विचारलं.

"भूक नसेल," मी म्हटलं. मला त्याचा असा संताप आला होता की आणखी एक शब्द काढला असता तर सगळंच बाहेर आलं असतं. रात्री तिचे डोळे लाल होते. "बरोबरच बोलला," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी तिथे सभा आहे ना? सगळ्यांसमोर सांगते, मीच लावला म्हणून. मग दुकानात बसेना का तोंड फिरवून."

पण सभेच्या आधीच ते घडलं. मी डबा द्यायला दुकानात गेले होते. मामा डबी उघडून ठिपके बघत बसला होता, एकेक करून, भिंगातून. माणसं बोटांचे ठसे शोधतात तसं काहीसं त्याच्या मनात असावं. एका ठिपक्यावर तो थांबला. मग दुसरा घेतला. मग पहिला पुन्हा.

"सगळ्यांवर दात आहेत," तो म्हणाला.

मी जेवणाचा डबा यंत्राशेजारी ठेवला.

"बारीक दात. वर एक, खाली एक अशी ओळ. वरच्या ओळीत एक नाही."

त्याने भिंग डोळ्यावरून काढलं नाही, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अर्धंच दिसलं.  एक गिऱ्हाईक आलं, किल्ली दाखवू लागलं. मामाने ती घेतली आणि एकही प्रश्न न विचारता घासून दिली. 

संध्याकाळी घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "चिमट्याचा खिळा सैल झाला असेल. दे, बघतो."

आईने दिला. त्याने जबडे उघडले, मिटले, तुटक्या दाताच्या जागी नख फिरवलं, आणि चिमटा तिला परत केला.

"सैल नाहीये," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला कळलं की त्याला कळलंय.  मामा अंगणात जाऊन बसला तो जेवायलाही आला नाही. नंतरचे दिवस त्याने आईची खुर्ची रस्त्यावर उतरवायचं, फूटपाथवर चढवायचं काम तसंच केलं, पण तिच्याशी बोलताना तो तिच्या चाकांकडे बघायचा. माझी खात्री झाली होती की हा आता तिच्यावरही कायमचा संशय धरणार. मग आईला तोडलेल्या माणसाच्या घरात आम्ही राहायचं तरी कसं?

सभेच्या दिवशी आई केस विंचरून, चांगली साडी नेसून तयार झाली. दुकानापाशी आलो तर दुकानाला कुलूप. मामा नाही. मीच तिला रस्त्यावर उतरवलं.

सभागृह भरलं होतं. नकाशावालीने पट्टी घेऊन एकेक मार्ग दाखवला. आमच्या भागाशी आल्यावर ती म्हणाली, "ही गल्ली आणि तिच्या समोरचा फूटपाथ आम्ही सोडून दिलाय. मार्ग मागच्या रस्त्याने जाईल. कारण इथून कोणी जात असल्याचं एकानेही नोंदवलेलं नाही. फक्त एक लाल ठिपका लागायचा, आणि तोही गळून पडायचा."

आमची अख्खी गल्ली मागच्या बाकांवर बसली होती, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. एवढं हुशारीने गप्प राहून आपण स्वतःलाच नकाशावरून पुसलं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. आईने खुर्चीच्या चाकांवर हात ठेवले आणि बोलायला श्वास घेतला.

"गळून पडत नव्हता," मागून आवाज आला. "मी काढत होतो."

मामा भिंतीला पाठ लावून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात डबी. तो माणसांमधून वाट काढत पुढे आला. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या अनोळखी लोकांकडे पाठ करून तो नकाशासमोर उभा राहिला, आणि डबीतला एकेक ठिपका नखाने सोडवून आपल्या दुकानावर लावू लागला. गोंद संपला होता, ठिपके खाली यायला बघत होते. तो अंगठ्याने दाबून धरत होता.

"हे सगळे एकाच बाईचे आहेत," तो नकाशाकडे बघतच म्हणाला. "पण सगळे धरा. माझ्या ओट्यामुळे तिला रस्त्यावर उतरावं लागतं. मला वाटायचं रस्ता वाईट आहे."

नकाशावालीने त्याच्या हातात चिकटपट्टी दिली. त्याने ती आधी उलटसुलट करून पाहिली. मग वापरली.

पहिला उठला तो पंक्चरवाला. त्याने टेबलावरून हिरवा ठिपका घेतला आणि आमच्या गल्लीत लावला. मग बाकीचे. मामाकडे त्याने पाहिलं नाही, पण जाताना खांद्याला खांदा घासून गेला.

घरी येताना मामाच खुर्ची ढकलत होता. मी मुद्दाम मागे राहिले, तरी ऐकू आलं.

"मला सांगायचंस ना, ताई."

"सांगितलं होतं. कोणी शिकवलं म्हणून विचारलंस."

 ओट्यापाशी आल्यावर मामाने खुर्ची रस्त्यावर उतरवली, हात वर करून एक ट्रक थांबवला, आणि पलीकडे नेताना त्या ओट्याकडे असा बघत होता की जणू तो आजच कोणीतरी आणून ठेवलाय.

नगरपालिकेच्या मार्गाचं म्हणाल तर अजून विचार चालू आहे. तो त्यांचा चालू राहणारच. मामा तेवढा थांबला नाही. एका सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन त्याने ओटा फोडायला सुरुवात केली. किल्ल्यांची सवय असलेले हात, सिमेंटला कुठले पुरे पडणार? दुपारपर्यंत नुसते टवके उडाले. तेव्हा पंक्चरवाला घण घेऊन रस्ता ओलांडून आला, म्हणाला, "सरक," आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी तो पार फूटपाथइतका सपाट केला. मध्येच किटली आली. आता दुकानात चढायला भिंतीला लागून एक अरुंद पायरी आहे. गिऱ्हाइकांना टेकायला जागा नाही, पण तशीही ती फार वेळ टिकत नाहीत.

सिमेंट वाळल्यावर आई बाहेर पडली. मी कामावर निघाले होते, म्हणून हे मला बघायला मिळालं. ती गल्लीच्या तोंडाशी आली, हाक न मारता. मामा सवयीने उठला, खुर्चीच्या मुठींकडे त्याचे हात गेले, आणि अर्ध्यावर थांबले. मग तो आत गेला, यंत्राजवळून काहीतरी उचललं आणि बाहेर आला. दोऱ्यात ओवलेली किल्ली होती. नवी, कडा अजून चकाकत असलेली. आमच्या घराची.

"मी मध्येच कुठे गेलो असलो तर," तो म्हणाला, "तू बाहेर अडकून पडशील. म्हणून केली."

आईने किल्ली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"बाळ्या, तुला हे कोणी शिकवलं?"

 मामाचं नाक लाल झालं. आईने दोरा गळ्यात घातला, किल्ली पदराआड सारली आणि चाकांना जोर दिला. फूटपाथवरून दुकान मागे टाकून, पंक्चरवाल्याला मान हलवून, ती कोपऱ्यावरून वळली. मामा पायरीवर उभा राहून बघत होता. कुठे चाललीस, हे त्याने विचारलं नाही.